तूरियाची चाळीस मिनिटं

इबतिसाम परत येतेय, ही बातमी तूरियाला कॅन्टीनच्या रांगेत कळली. सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचा मुकादम बूशऐब तिच्या पुढे उभा होता. त्यानं मसुराची वाटी ताटात घेतली आणि मागे वळून, इथे मोठ्या बाईला आदरानं लावतात तसं 'लल्ला' लावून, सहज म्हणाला, "लल्ला तूरिया, तुमची पोरगी येतेय म्हणे. आपल्या सगळ्यांची साहेब होऊन."

"माझी पोरगी फ्रान्सात लियोंला आहे," तूरिया म्हणाली. "ती कशाला येतेय इथे मरायला?"

"ती नव्हे हो. ती तुमच्या हाताखाली होती ना, केस असे मागे बांधणारी. इबतिसाम. आखाती देशात मोठी झाली म्हणे. बुडती कंपनी वर काढायला तिला आणताहेत."

तूरियानं ताट घेतलं, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं आणि जेवण तसंच सोडून चौथ्या मजल्यावर निघून गेली. बूशऐबला वाटलं, आनंदानं हिची भूकच मेली.

हुदहुद एअर या विमान कंपनीच्या, कॅसाब्लांका विमानतळावरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वेळापत्रकाची खोली होती. तूरिया बेनअल्लाल तिथे एकतीस वर्षं बसत होती. कुठलं विमान कुठून निघेल, कुठे किती वेळ थांबेल, परत येऊन लगेच कुठे जाईल, हे सगळं या खोलीत ठरायचं. सुरुवातीला भिंतीवर मोठा तक्ता होता आणि त्यावर रंगीत पट्ट्या असायच्या, एका विमानाला एक पट्टी. पुढे संगणक आले, तक्ता गेला, पण तूरियाच्या डोक्यातला तक्ता गेला नाही. दुपारी चारला कुणी विचारलं की अमुक विमान कुठे आहे, तर ती डोळे मिटून सांगायची, "मिलानहून निघालंय, वीस मिनिटं उशीर आहे, संध्याकाळी बामाकोला जायचंय त्याला."

इबतिसाम तिच्याकडे बावीस वर्षांची असताना आली होती. तूरियानंच तिला पट्ट्या वाचायला शिकवल्या. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. चार वर्षांत ती इतकी तयार झाली की तूरिया निवांत रजेवर जाऊ लागली. मग आखातातल्या एका बड्या कंपनीची जाहिरात आली आणि इबतिसाम गेली. जाताना गळ्यात पडून रडली. तूरियाही रडली. त्या रडण्यात सगळं दुःखच होतं असं नाही. तशीच जाहिरात तूरियानंही वाचली होती, अर्जही भरला होता. पण नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, मुलगी लहान होती, सासू अंथरुणाला खिळलेली. अर्ज तिनं कुणाला दाखवला नाही, फाडून टाकला.

या पंधरा वर्षांत हुदहुद एअरची पार रया गेली. चौतीस विमानं, ती पाच जातींची. एका जातीचा सुटा भाग दुसरीला चालत नाही, एकीचा वैमानिक दुसरीवर बसत नाही. महासागरापलीकडचं एक उड्डाण वर्षानुवर्षं निम्मं रिकामं जायचं, पण शेपटीवरचा तुरेवाला हुदहुद पक्षी तिकडच्या विमानतळावर दिसला पाहिजे म्हणून कुणी ते बंद करत नव्हतं. विमानं उशिरा सुटत आणि त्याहून उशिरा पोचत. सुधारक तर किती आले. एकानं विमानांचा रंग बदलला. दुसऱ्यानं गरम जेवण बंद करून बिस्किटं दिली. तिसरी एक परदेशी सल्लागार मंडळी होती. तिनं उशीएवढा जाड रिपोर्ट दिला आणि ती निघून गेली.

आणि या सगळ्यांच्या आधी, सोळा वर्षांपूर्वी, खुद्द तूरियानं नऊ पानांची टिपणी लिहिली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आपल्याकडे डकार, आबिजान, बामाकोहून माणसं येतात, त्यांना पॅरिस, ब्रसेल्स, मिलानला जायचं असतं. पण आपली विमानं दिवसभर मनाला येईल तशी येतात नि जातात, म्हणून या माणसांना सात-सात तास बाकावर बसावं लागतं आणि पुढच्या खेपेला ती दुसऱ्या कंपनीनं जातात. त्यापेक्षा दिवसाच्या तीन लाटा करा. एका लाटेत सगळी विमानं दक्षिणेकडून येतील, माणसं उतरून समोरच्या विमानात बसतील आणि सगळी उत्तरेला निघतील. तेव्हाच्या संचालकांनी टिपणी घेतली, "छान, छान," म्हणाले आणि तिच्यावर पुदिन्याच्या चहाचा पेला ठेवला. टिपणी परत आली तेव्हा पहिल्या पानावर गोल डाग होता.

घरी तूरियानं ही बातमी सांगितली तेव्हा नवरा अब्देलहक गॅलरीत झाडांना पाणी घालत होता.

"चांगलं झालं की," तो म्हणाला. "तुझीच विद्यार्थिनी."

"हो ना. फार चांगलं झालं."

"तू म्हणतेस त्यावरून तरी तसं वाटत नाही."

"तू झाडांकडे बघ. ते एक मरायला लागलंय."

त्यानं त्या झाडाला पाणी घातलं. तीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं एवढं त्याला कळत होतं.

इबतिसाम आली ती सोमवारी. आल्या आल्या ती चौथ्या मजल्यावर आली. तूरियाच्या दोन्ही गालांवर दोन-दोनदा मुके घेतले आणि खोलीतल्या सगळ्यांना म्हणाली, "मला जे येतं ते हिनं शिकवलंय." सगळ्यांनी कौतुकानं तूरियाकडे पाहिलं. तूरिया मात्र तिच्या बुटांकडे बघत होती. मऊ चामड्याचे, सपाट, साधे दिसणारे बूट. साधं दिसायला किती लागतं हे तूरियाला कळत होतं. आणि हात कसे मऊ गं हिचे, एकेचाळिसाव्या वर्षी? आपण हिच्या वयाच्या होतो तेव्हा सासूची चादर दिवसातून तीनदा बदलत होतो.

"कशा आहात लल्ला तूरिया?"

"ठीक आहे, मॅडम."

इबतिसामच्या चेहऱ्यावरचं हसू जरा हललं. "मॅडम काय? मी इबतिसामच आहे."

"ऑफिसात असलेलं बरं," तूरिया म्हणाली. हा 'मॅडम' तिनं पुढे बरेच महिने सोडला नाही. लोकांना तो आदर वाटायचा.

महिन्याभरात सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. तूरिया चौथ्या रांगेत बसली. इबतिसाम हातात कागद न घेता बोलायला उभी राहिली. तिनं पडद्यावर नकाशा दाखवला आणि म्हणाली, "आपण दिवसाच्या तीन लाटा करणार आहोत."

तूरियाचे कान तापले. शब्दसुद्धा तोच, लाट. डकार, आबिजान, बामाको. सात तास बाकावर बसणारी माणसं. सगळं तिचं, ओळीनं. शेजारचा वैमानिक पुटपुटला, "बाईनं दुखणं बरोबर पकडलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूरियानंही वाजवल्या, कारण न वाजवणारी ती एकटीच उठून दिसली असती. टाळ्या वाजवताना तिला आठवलं की ती नऊ पानं हिनंच टंकली होती, संध्याकाळी उशिरा थांबून, शेजारी मधात बुडवलेल्या शेबाकिया मिठाईची पुडी उघडी ठेवून, चिकट बोटांनी.

घरी येऊन तिनं कपाटातून टिपणी काढली. ऑफिसात वाटलेली नवी योजना शेजारी ठेवली आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ पडताळू लागली. चोरी पकडायला बसली होती ती. पहिली तीन पानं तिच्या मनासारखी गेली. मग तिचा हात मंदावला. महासागरापलीकडचं उड्डाण बंद, हे तिच्या टिपणीत नव्हतं. तेव्हा तिची हिंमतच झाली नव्हती. पाचपैकी तीन जातींची विमानं विकून दोनच जाती ठेवायच्या, हे तिला सुचलं नव्हतं. विमान जमिनीवर सत्तर मिनिटं थांबतं ते पन्नासवर आणायचं, त्यासाठी सफाई, इंधन आणि सामान एकामागून एक न करता एकाच वेळी करायचं, कुणी कुठे उभं राहायचं याचं चित्रच काढलेलं होतं. वैमानिकांच्या आणि कामगारांच्या संघटनांशी आधी बोलायचं, मग जाहीर करायचं, याचा तर तिनं कधी विचारच केला नव्हता.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. नुसती चोरी असती तर बरं झालं असतं. चोराला शिव्या घालता आल्या असत्या. ही योजना तिच्या टिपणीतून निघाली होती आणि तिच्या फार पुढे गेली होती, आणि हेच तिला सहन होईना. त्या दिवसापासून इबतिसामचं काहीही तिला पाहवेना. तिनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहणं म्हणजे दिखावा. तिनं हमालांची नावं पाठ करणं म्हणजे राजकारण. तिला सर्दी झाली तेव्हा तूरियाला थोडं बरं वाटलं, आणि मग आपल्याला असं बरं वाटलं याचाच राग आला. तो रागही इबतिसामवरच गेला.

हिवाळ्यात लाटा सुरू झाल्या आणि जमल्या. सकाळची नीट, दुपारची नीट, संध्याकाळची थोडी अडखळत. बाकावर झोपणारे प्रवासी कमी झाले. वर्तमानपत्रात इबतिसामचा फोटो आला.

मग रमजान जवळ आला.

रमजानात वेळापत्रक करणं म्हणजे जिवाशी खेळ. सरकारी हुकमानं महिनाभर देशाचं घड्याळ एक तास मागे जातं, युरोपचं जात नाही, सगळ्या वेळा नव्यानं बसवाव्या लागतात. त्यात तूरियाची म्हणून एक गोष्ट होती. पंचवीस वर्षं ती रमजानात सूर्यास्ताच्या वेळी चाळीस मिनिटं मोकळी ठेवत आली होती. त्या वेळेत एकही विमान येणार नाही, एकही सुटणार नाही. रोज सूर्यास्त मिनिटभर सरकतो, तशी ती चाळीस मिनिटंही ती हातानं सरकवायची. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नव्हतं, कुणी तिला सांगितलंही नव्हतं. फक्त पहिल्या वर्षी तिनं खिडकीतून पाहिलं होतं की बांग झाली आणि विमानं लागतात त्या मैदानावरचा एकूण एक माणूस पाण्याच्या घोटासाठी आत गेला. खाली बूशऐबची माणसं या वेळेला 'तूरियाची चाळीस मिनिटं' म्हणत. वरच्या मजल्यांवर कुणाला याचा पत्ता नव्हता.

इबतिसामनं नवं वेळापत्रक स्वतः आणून तिच्या टेबलावर ठेवलं. "लल्ला तूरिया, रमजानचं आहे. एकदा नजर टाका. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

तूरियानं पाहिलं. संध्याकाळची लाट सहा ते साडेसहाच्या दरम्यान उतरत होती. नऊ विमानं. पहिल्या आठवड्यात सूर्यास्त सहा सत्तावीसला. चाळीस मिनिटं कुठेच नव्हती.

"कामगारांच्या रोजा सोडण्याचं काय केलंय, मॅडम?"

"पाळ्या केल्यात. निम्मे वेळेवर जातील, निम्मे अर्ध्या तासानं. तिकडे असंच चालतं, कधी अडचण आली नाही."

तिकडे. तूरियाला माहीत होतं तिकडे बॅगा कोण उचलतं. नेपाळहून, केरळहून, फिलिपिन्सहून आलेली माणसं. त्यांतली निम्मी रोजा धरत नाहीत. इथे मैदानावर दोनशे माणसं आहेत आणि दोनशेंचाही रोजा असतो. दिवसभर तहानलेला माणूस बांग झाल्यावर अर्धा तास थांबेल, असं कागदावरच होऊ शकतं. पंधरा वर्षं बाहेर राहून ही पोरगी हे विसरली.

"आणखी काही राहिलंय का?" इबतिसामनं विचारलं. खरोखर विचारलं. हात टेबलावर टेकून, मान वाकवून, अगदी बावीस वर्षांची असताना उभी राहायची तशी.

तूरियाच्या जिभेवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिनं पान उलटलं, परत उलटलं.

"नाही," ती म्हणाली. "ठीक आहे."

आणि तिनं कोपऱ्यात आपली सही केली.

रमजानच्या पहिल्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. अब्देलहकला फोन केला, "मला काम आहे, तू हरीरा सूप गरम करून घे."

"पहिल्या रोज्याला काम?"

"आहे."

ती तळमजल्यावरच्या मोठ्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. तिथून सगळं मैदान दिसतं. सहाला डकारचं उतरलं, मग आबिजानचं, मग कोनाक्रीचं. विमानं एकामागून एक येऊन रांगेत लागली. सहा सत्तावीसला बांग झाली. बूशऐबच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी कुणाला काही बोललं नाही. एकानं हातमोजे काढले, मग दुसऱ्यानं. पाच मिनिटांत मैदान रिकामं झालं. नऊ विमानं उभी, पोटातल्या बॅगा पोटात, आणि तीन विमानांना तर शिडीच लागली नाही. त्यांच्या खिडक्यांतून चेहरे बाहेर बघत होते.

तूरियाच्या पर्समध्ये खजूर होता. तिनं तो तोंडात टाकला.

तिला वाटलं होतं, हे बघून आपल्याला शांत वाटेल. सुरुवातीची काही मिनिटं वाटलंही. मग खाली सपाट बूट घातलेली एक बाई एकटीच मैदानावरून पळताना दिसली. इबतिसाम कामगारांच्या खोलीकडे चालली होती.

साडेसातपर्यंत उत्तरेकडची विमानं निम्म्या प्रवाशांना घेऊन निघाली, कारण पलीकडच्या विमानतळांवरची उतरायची वेळ चुकवता येत नव्हती. चारशेच्या वर माणसं मागे राहिली. हॉलमध्ये एकच गलका झाला. खिडकीवरच्या मुलींना आवरेना, म्हणून तूरिया त्यांच्या मदतीला गेली. तिच्यासमोर डकारची एक बाई आली, निळ्या झग्यातली, साठीची. तिचं नाव कुम्बा सेक. तिला मिलानला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पहिल्या नातवाचं नाव ठेवायचं होतं.

"दुसरं विमान कधी आहे?" तिनं विचारलं.

"उद्या दुपारी."

"दुपारी काय करू? नाव सकाळी ठेवतात." ती ओरडली नाही. तिनं हातातल्या पिशवीची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "मुलानं तीन महिने आधी तिकीट काढलं होतं. तो म्हणाला होता, आई, ही कंपनी आता सुधारली आहे."

तूरियानं तिला हॉटेलची चिठ्ठी लिहून दिली. लिहिताना तिनं नाव दोनदा चुकवलं.

सकाळी इबतिसाम चौथ्या मजल्यावर आली. खोलीतल्या इतरांना म्हणाली, "जरा बाहेर जाता का?" आणि दार लावलं. ती रात्रभर झोपलेली नव्हती. कालचेच कपडे अंगावर होते.

"काल बूशऐबनं मला आधी बसवलं," ती म्हणाली. "म्हणाला, पाणी प्या, तुमचाही रोजा आहे. हरीरा दिली. मग म्हणाला, लल्ला तूरिया दरवर्षी चाळीस मिनिटं सोडायच्या, यंदा काय झालं? त्या आजारी आहेत का?"

तूरियानं टेबलावरचे कागद सारखे केले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस." 'मॅडम' गळून पडला, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"मग का?"

तूरियानं पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. पंचवीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही. पाळ्या तुम्ही केल्या, मी कोण. ती सगळी तिनं बाजूला सारली.

"तुझ्यावर जळत होते," ती म्हणाली. "तू माझं घेतलंस म्हणून. नंतर कळलं की तू त्याच्या पुढे गेलीस, मग तर जास्तच."

इबतिसाम खुर्चीवर बसली. तिनं खिडकीकडे तोंड केलं.

"मी तुमचं घेतलं, हे खरं आहे," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात मी वरती तुमचं नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, इथल्या जुन्या माणसाची कल्पना म्हटलं की कुणी ऐकणार नाही. बाहेरून आणलेलं असलं की गळी उतरतं. नाव नको. मी गप्प बसले. मला ते सोयीचंही होतं." मग तिनं मान वळवली. "पण माझ्या गप्प बसण्यानं कुणाचं विमान चुकलं नाही, लल्ला तूरिया."

हे तूरियाला लागायला हवं तिथे लागलं.

"वरती लाटाच बंद करायचं म्हणताहेत," इबतिसाम उठत म्हणाली. "तीन दिवस मागून घेतलेत मी. तुमच्या सहीचा कागद माझ्याकडे आहे. तो मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्यासाठी नव्हे. दाखवला तर लोक म्हणतील, आतलीच माणसं बुडवताहेत, आणि सगळंच बंद पडेल."

ती गेल्यावर तूरियानं कोरा कागद घेतला. जुन्या सवयीनं त्यावर पट्ट्या काढल्या.

युरोपकडे निघायच्या वेळा हलवता येत नव्हत्या. सूर्य तर कुणाच्याच हातात नव्हता. पण दक्षिणेची विमानं लवकर आणता आली असती. ती सव्वापाच ते पावणेसहाला उतरली तर बांग होण्याआधी माणसं आणि बॅगा खाली येतील. मग चाळीस मिनिटं कामगार जेवतील, आणि त्याच चाळीस मिनिटांत उतरलेले प्रवासी दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत पोचतील. नाहीतरी त्यांना चालत जायला तेवढा वेळ लागतोच. कामगार परत आले की बॅगा चढतील आणि सव्वासातनंतर सगळी निघतील. वेळ वाया जातच नव्हता. पंचवीस वर्षं तिनं ही मोकळी वेळ लाटेच्या बाहेर धरली होती. आता ती लाटेच्या मधोमध बसली.

त्यासाठी डकार, आबिजान, बामाको, कोनाक्री, सगळीकडे सकाळचं जाणं आणि दुपारचं निघणं पाऊण तास आधी हवं होतं. अर्ज पाठवून उत्तर यायला महिना लागला असता. तूरियानं फोन उचलला. त्या विमानतळांवर वेळा वाटून देणारी माणसं तिनं कधी पाहिली नव्हती, पण पंचवीस वर्षं त्यांचे आवाज ऐकले होते. डकारच्या माणसाच्या मुलीचं लग्न तिला माहीत होतं, बामाकोच्या बाईचं गुडघ्याचं दुखणं माहीत होतं.

"तूरिया, पाऊण तास म्हणजे काय चेष्टा आहे का?" बामाकोची बाई म्हणाली.

"चेष्टा असती तर रोज्यात फोन केला असता का? दे गं. पुढच्या वर्षी काही मागणार नाही."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाली होतीस."

पण तिनं दिलं. सगळ्यांनी दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तूरियानं कागद इबतिसामच्या टेबलावर ठेवला. इबतिसामनं तो दोनदा वाचला, बोटानं चाळीस मिनिटांवरून रेघ ओढली आणि इतकंच म्हणाली, "हे मला सुचलं नसतं."

हे ऐकून तूरियाला जो आनंद झाला त्याची तिला लाजच वाटली. म्हातारपणी शाळेतल्या पोरीसारखा आनंद.

दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळची लाट वेळेवर सुटू लागली. बांगेच्या वेळी विमानांच्या दारांशी प्रवाशांनाही खजूर आणि हरीरा द्यायची, ही युक्ती बूशऐबची. वर्तमानपत्रांनी पुन्हा फोटो छापला, इबतिसामचाच. खाली लिहिलं होतं, चूक तीन दिवसांत सुधारणारी बाई. या खेपेला इबतिसामनं मुलाखतीत तूरियाचं नाव घेतलं होतं. छापताना ते गाळलं गेलं. इबतिसामनं संपादकाला पत्र लिहिलं, तेही छापलं नाही. तूरियाला हे कळलं तेव्हा तिचा जळफळाट झालाच, फक्त आता तो कुठे टाकावा हे तिला कळेना.

दोन वर्षांत हुदहुद एअर पायावर उभी राहिली. पूर्वीची ऐट राहिली नाही, विमानं कमी झाली, काही माणसं घरी बसली, त्यांनी दोघींनाही शिव्या घातल्या. मग इबतिसामला दुसऱ्या एका देशातल्या बुडत्या कंपनीचं बोलावणं आलं. जाण्याआधी तिनं आपल्या जागी तूरियाचं नाव सुचवलं. वरच्यांनी विचार करतो म्हणून सांगितलं आणि राजधानी राबातहून मुहसिन नावाचा चाळिशीचा इंजिनियर आणला.

"निवृत्ती घे आता," अब्देलहक म्हणाला. "किती जणांवर जळशील?"

"हा शेवटचा," तूरिया म्हणाली.

मुहसिन कामावर आला त्या दिवशी ती स्वतःच त्याच्या खोलीत गेली. मोठी खिडकी, इबतिसामची खुर्ची, आणि त्यात बसलेला हा, ज्याला सकाळची लाट कुठली नि दुपारची कुठली हेही नीट माहीत नव्हतं. बघून तिच्या पोटात दुखलंच. ते दुखायचं थांबणार नाही, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं.

"बसा ना, लल्ला तूरिया," तो उठून उभा राहत म्हणाला. "मी पुढच्या आठवड्यात तुम्हाला बोलावणारच होतो."

"पुढचा आठवडा नको," ती म्हणाली. "कागद घ्या. काही गोष्टी कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या मी आजच सांगते. रमजानपासून सुरू करू."

आणि ती तीन दिवस त्याला सांगत बसली.